टूसॉनमध्ये पाच दिवस, एका पिवळ्या फुलापाशी

पहिला दिवस

अमेरिकेच्या वाळवंटी ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या विमानतळावर सायली घ्यायला आली होती. तिथून टूसॉन साधारण १८० किलोमीटर, गाडीने दोन तास. शहर मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच झुडूप सुरू झालं. कुठे कमरेएवढं, कुठे डोक्यावर जाणारं. दोन झुडपांमध्ये उघडी, फिकट माती. कुणी दोरी धरून लावल्यासारखं अंतर.

"मावशी, हेच ना गं तुझं झुडूप?"

हेच. क्रिओसोट. सातारच्या माझ्या वर्गात गोखरूचं कुळ शिकवताना मी दर वर्षी फळ्यावर याचं नाव लिहीत आले, पण प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. सायलीने पेट्रोल भरायला गाडी थांबवली तेव्हा मी पलीकडे जाऊन एक डहाळी बोटांत चुरडली. पानं जोडीजोडीने, लहान, वार्निश लावल्यासारखी चकचकीत. त्या चिकट थराला वास येतो तो राळेचा, थोडा डांबराचा, आणि त्यामागे ओल्या मातीचा. टूसॉनची माणसं म्हणतात, आमच्या पावसाचा वास म्हणजे हाच. पावसाला ती 'मान्सून'च म्हणतात, आणि हवामान खात्याच्या हिशेबात तो १५ जून ते ३० सप्टेंबर असतो. वर्षभराचा सगळा पाऊस मात्र ३० सेंटिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला जुलैत एखाद्या दिवशी तेवढा कोसळतो.

मी इथे का आले हे सायलीला गाडीतच नीट सांगितलं. तिचा विषय भूजल. माश्यांचं माझं वेड तिने लहानपणापासून पाहिलंय, पण त्यामागचं कारण कधी विचारलं नव्हतं.

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं, राणी आणि मध आठवतो. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. एकच आई. ती बीळ खणते किंवा एखादं आयतं भोक शोधते, पराग आणि मकरंद मळून लाडू वळते, त्यावर अंडं घालते, कोठडी लिंपते, पुढची कोठडी सुरू करते. काही आठवड्यांत ती मरते. पोरं आईला कधी पाहत नाहीत.

त्यातही काही माश्या एकाच फुलाच्या असतात. मकरंद त्या इकडेतिकडे पितील, पण पोरांच्या लाडवाला पराग हवा तो त्याच झाडाचा. क्रिओसोटच्या फुलावर सगळ्या वाळवंटात मिळून १२० हून अधिक जातींच्या माश्या येतात. त्यातल्या २१ जाती परागासाठी फक्त याच झुडपावर विसंबलेल्या आहेत. आणि टूसॉन हे असं शहर आहे की ते या झुडपांच्या रानावर पसरलं, पण ठिकठिकाणी रानाचे तुकडे विसरून गेलं. १९५० साली इथे ४५ हजार माणसं होती, १९६० साली २ लाख १२ हजार, आता साडेपाच लाखांच्या आसपास. मधल्या मोकळ्या प्लॉटांवर जुनी क्रिओसोटं अजून उभी आहेत, अजून फुलतात. माश्यांचे अभ्यासक जेम्स केन, रॉबर्ट मिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ५९ तुकडे पाहून २००६ साली जे लिहिलं, ते वाचल्यापासून मला हे तुकडे बघायचे होते.

"म्हणजे तू अमेरिकेला येऊन रिकामे प्लॉट बघणार?"

"हो. आणि आधी रान."

दुसरा दिवस

पहाटे निघून शहराच्या पश्चिमेला सग्वारो राष्ट्रीय उद्यानात पोचलो. डोंगराच्या उतारावर ते हात वर केलेले सग्वारो निवडुंग, पालो व्हर्दे झाडांची हिरवी खोडं आणि त्यांवरचा पिवळा बहर. सायलीला वाटलं मी तिथे रमेन, पण मला खालचं सपाट हवं होतं.

वाटेच्या कडेला रानभेंडीच्या नात्यातली एक वनस्पती आहे, ग्लोबमॅलो. केशरी वाट्यांसारखी फुलं. सकाळचे सात, ऊन नुकतं जमिनीला लागलेलं, फुलं अर्धवट मिटलेली. एका वाटीत वाकून पाहिलं तर तळाशी एक माशी झोपलेली. पाय पोटाशी, मिशा खाली दुमडलेल्या, अंगावरच्या राखी लवेवर परागाचे गोल कण जसेच्या तसे. मी श्वास रोखला. सायलीला खुणेनेच बोलावलं. डायडेशिया. ग्लोबमॅलोवर जगणारी, तीही एकाच फुलाची. फूल मिटतं तेव्हा ती आत, उमलतं तेव्हा जागी.

दोनशे पावलं पुढे, जिथे पायवाट गाड्यांच्या चाकांनी घट्ट झालीय तिथे, मातीतून वर आलेल्या करंगळीएवढ्या नळ्या दिसल्या. मातीच्याच, जरा वाकलेल्या. डायडेशियाची दारं ती. ही माशी मऊ माती शोधत नाही. माणसांनी तुडवलेला, घट्ट झालेला रस्ता तिला चालतो. हे मनात ठेवलं, कारण पुढे शहरात याचा उपयोग होणार होता.

नऊ वाजता क्रिओसोट जागं झालं. मी एक झुडूप निवडलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिले, दीड तास. फूल जवळून साधं आहे: पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, मधोमध केसाळ बीजकोश. पण पाकळ्या बघण्यासारख्या. फूल जुनं झालं की प्रत्येक पाकळी देठापाशी पिळून आडवी होते, पंख्याच्या पात्यासारखी. मग फूल दुरूनच वेगळं दिसतं. पुढे बीजकोशाचा पांढऱ्या कापसाचा मणी होतो. एका फांदीवर तिन्ही अवस्था असतात.

माश्या आल्या. पोटाखाली पराग भरणाऱ्या, पायांना पराग लावणाऱ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या कोलेटीस, आणि मग ज्यांच्यासाठी मी भिंग आणलं होतं त्या पर्डिटा. तांदळाच्या कणीएवढ्या. नुसत्या डोळ्यांना वाटतं फुलावर धूळ हलतेय. भिंगातून पाहिलं तर मागच्या पायांवर पिवळा भार घेतलेली एक आई पुंकेसराला मिठी मारून बसली होती आणि परागकोश तोंडाने कुरतडत होती. ती उडाली तेव्हा मी तिच्या मागे नजर लावली. झुडपापासून चार-पाच हातांवर, उघड्या मातीत, सुईच्या टोकाएवढं भोक आणि भोवती रव्याएवढ्या मातीचा ढीग. आत गेली. तीन मिनिटांनी रिकाम्या पायांनी बाहेर.

मला तिथेच कळलं की झुडपांमधली ही उघडी माती वाया गेलेली जागा नाही. वरची फांदी स्वयंपाकघर, खालची माती बाळंतिणीची खोली. आणि बाळं त्या खोलीत दहा-अकरा महिने असतात. वर माशी काही आठवडेच दिसते. वर्षाचा बाकी सगळा काळ ती जात जमिनीखाली असते. पाऊस झालाच नाही तर काही जाती दुसऱ्या वर्षापर्यंत, त्याच्याही पुढे, आतच थांबतात. आपण वाळवंटाकडे बघून म्हणतो, इथे काही नाही.

घरी परतताना सायली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही पाणी किती खाली आहे ते मोजतो. हे असं वीतभर खाली कुणी राहतं, हे कधी डोक्यातच आलं नाही."

तिसरा दिवस

आज शहर. स्पीडवे आणि ग्रँट या मोठ्या रस्त्यांच्या मधल्या गल्ल्यांत आम्ही दिवसभर हिंडलो. टायरच्या दुकानामागे, चर्चच्या पार्किंगच्या कडेला, दोन घरांच्या मधल्या वादात अडकलेल्या जागेत: क्रिओसोट, क्रिओसोट. केन-मिंकली यांनी पाहिलेले तुकडे ५ हेक्टरांपासून ०.००२ हेक्टरांपर्यंतचे होते. शेवटचा आकडा वाचताना मला छापण्यात चूक वाटली होती. ०.००२ हेक्टर म्हणजे २० चौरस मीटर, आपल्याकडची एक मोठी खोली. सर्वांत जुने तुकडे अभ्यासाच्या वेळीच सत्तर वर्षांपूर्वी शहराने वेढलेले.

एका दवाखान्याच्या कुंपणाबाहेर असाच खोलीएवढा तुकडा सापडला. सहा झुडपं, सगळी भरभरून फुललेली. खोडं बुंध्याशी काळी, जाड; ही शहरापेक्षा जुनी असणार. क्रिओसोटचं आयुष्य माणसाच्या हिशेबात बसत नाही. मोहावे वाळवंटात एकाच मुळावरून वाढत गेलेल्या एका क्रिओसोटच्या वर्तुळाचं वय अकरा हजार वर्षांहून जास्त धरलं जातं. तेव्हा फुलांवरून पाहाल तर या सहा झुडपांना शहर आल्याचं कळलेलंही नाही.

मी कालच्यासारखीच बसले. फुलांवर वर्दळ होती, अगदी चांगली. पानं कापणाऱ्या माश्या, एक काळा कुळकुळीत भुंगा, दोन-तीन पाळीव मधमाश्या. अभ्यासातही हेच निघालं होतं: ६२ जाती मिळाल्या, आणि शहराबाहेर असलेल्या जातींपैकी शहरातून पूर्ण गायब झालेल्या फारच थोड्या. पाळीव मधमाश्यांनी बाकीच्यांना हुसकावलं असंही नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त तुकड्यांत त्यांची संख्या किरकोळ होती. लहान अंगाच्या माश्या आधी संपल्या असतील, हा माझा अंदाजही तिथे चुकला होता. आकाराने काही ठरलं नाही. ठरलं ते दोन गोष्टींनी: काय खातेस आणि कुठे राहतेस.

क्रिओसोटवरच जगणाऱ्या आणि जमिनीत घर करणाऱ्या जाती लहान तुकड्यांत कमी झाल्या. आणि तुकडा जितका जुना, तितकी त्यांची संख्या कमी. याउलट आयत्या भोकांत राहणाऱ्या माश्या शहरातल्या तुकड्यांत जास्त सापडल्या. वाळवंटात लाकूड मोजकं. शहरात दाराच्या चौकटी, कुंपणाचे खांब, विटांच्या फटी, पाइप. माझ्या माहेरी वाशांत भुंग्याने पाडलेल्या भोकांत दुसऱ्याच माश्या येऊन राहायच्या, तसंच.

मी त्या सहा झुडपांखाली हातांवर आणि गुडघ्यांवर फिरले. जमीन जवळजवळ सगळी खडीने झाकलेली. अंगठ्याएवढी लालसर खडी, चार बोटं जाड. एका कोपऱ्यात ती सरकवून पाहिली तर खाली काळं प्लॅस्टिक.

पर्डिटाची कणी मला दोन तासांत एकदाही दिसली नाही.

संध्याकाळी सायलीच्या इमारतीत आलो तर गाड्यांच्या छपराखाली, तुळईच्या आडोशाला, मातीचे लोळे. मी लगेच ओळखले. कुंभारीण! आमच्या घरी देवघराच्या चौकटीवर दर वर्षी असायची आणि आई कुणाला मोडू देत नसे. कीर्तनात ऐकलेला अळी-भिंगुरटीचा दृष्टांतही आठवला, अळीने ध्यास घेतला आणि तीच भिंगुरटी झाली. टूसॉनची कुंभारीण मात्र अळ्या नाही, कोळी भरते. काळी, पिवळ्या पायांची, दोऱ्यासारख्या कंबरेची.

लोळे जुने होते, भोकं उघडी. कुंभारणीची पोरं केव्हाच उडून गेलेली. मी खुर्ची ओढून बसले, कारण मला वाचलेलं आठवत होतं. साडेपाचच्या सुमारास एक आखूड, गडद माशी आली, थेट एका भोकापाशी उतरली. पोटाची खालची बाजू पिवळीधमक. पराग पोटाखाली भरून आणलेला. आत गेली, वळली, उलटी आत शिरली, पोट झाडलं, बाहेर आली, पुन्हा गेली.

होप्लिटिस बायस्क्युटेली. क्रिओसोटचीच माशी, पण जमीन न खणणारी. ती कुंभारणीच्या सोडलेल्या घरात बिऱ्हाड करते. शहर आलं, छपरं आली, छपरांबरोबर कुंभारणी आल्या, आणि त्यांच्या मागून ही. एकाच झुडपाच्या माश्यांमध्ये ही एक शहरात तगून आहे, आणि तिच्या बहिणी, ज्यांना उघडी माती हवी, त्या दवाखान्याच्या खडीखाली हरल्या. दोघींचं अन्न एकच.

सायली स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "मावशी, वरण गार होतंय!" मी म्हटलं, अजून एक खेप होऊ दे.

चौथा दिवस

ट्युमामॉक टेकडी. वर डांबरी रस्ता आहे आणि सगळं शहर पहाटे तिथे चालायला येतं, अगदी आपल्या पर्वतीसारखं. मधल्या टप्प्यावर १९०३ साली स्थापन झालेली वाळवंट प्रयोगशाळा आहे, दगडी, जाड भिंतींची. इथले काही चौकोन १९०६ पासून आखलेले आहेत आणि त्यातलं प्रत्येक झाड तेव्हापासून मोजलं जातंय. पिढ्यानपिढ्या कुणीतरी वही घेऊन तिथे जातं, या विचाराने मला फार बरं वाटलं.

माथ्यावरून शहर बुद्धिबळाच्या पटासारखं. मध्ये मध्ये मातकट-हिरवे ठिपके, ते आमचे प्लॉट. लहान एकांडी माशी घरापासून साधारण काहीशे मीटरच्या टप्प्यात चारा शोधते. त्या ठिपक्यांमधलं अंतर मी डोळ्यांनी मोजत होते. एखाद्या वर्षी एका ठिपक्यातल्या सगळ्या आया पावसाने, मुंग्यांनी किंवा नुसत्या दुर्दैवाने गेल्या, तर रानात शेजारून दुसऱ्या येतात. इथे शेजार म्हणजे सहा पदरी रस्ता. म्हणून तुकडा जितका जुना तितकी वजाबाकी जास्त, असं मला वाटतं. वरून काही दिसत नाही. झुडूप फुलतं, कुणी ना कुणी माशी येते, बीजही धरतं. अभ्यासकांनीही लिहिलंय की झुडपाच्या परागीभवनाला बहुधा धक्का नाही. ते दीर्घायुषी आहे आणि त्याला पाहुणे पुष्कळ. झुडपाचं भागतं. माशीचं भागत नाही. ही गोष्ट मला आतून लागली, कारण आपण 'झाडं वाचवली' म्हणून निश्चिंत होतो.

दुपारी परतलो तर सायलीच्या इमारतीच्या मागच्या पट्ट्यात एक वयस्क माळीकाका तेच करत होते: काळं प्लॅस्टिक अंथरून त्यावर खडी. सायलीला मोडकं स्पॅनिश येतं. त्यांनी सांगितलं, तण येऊ नये म्हणून, आणि पाणी वाचतं. पाणी वाचतं हे खरंच आहे. हिरवळीपेक्षा खडी कितीतरी बरी, सायलीही तेच म्हणाली. मी विचारलं, प्लॅस्टिक नसेल तर? ते म्हणाले, मग महिन्यातून एकदा तण उपटायला यावं लागेल, त्याचे पैसे कोण देणार?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मी कालच्या माशीबद्दल बोलायला लागले आणि सायली भाषांतर करत गेली. क्रिओसोटला ते 'गोबेर्नादोरा' म्हणतात, राज्य करणारी. त्यांनी पानाकडे बोट दाखवलं, तळहातावर फुंकर मारून वास घेतल्याची खूण केली आणि म्हणाले, पावसाचा वास. मग जरा थांबून कुंपणापलीकडे, जिथून कचऱ्याची गाडी वळते तिथे, आम्हाला घेऊन गेले. घट्ट, पिवळट, चाकांनी दाबलेली माती. कडेला आपोआप उगवलेलं ग्लोबमॅलो. आणि मातीत डायडेशियाच्या नऊ नळ्या. त्यांना त्या रोज दिसत होत्या, त्यांना वाटायचं मुंग्यांच्या आहेत.

म्हणजे जमिनीत राहणारी प्रत्येक माशी शहरात हरत नाही. जिचं फूल रस्त्याच्या कडेला आपोआप येतं आणि जिला तुडवलेली माती चालते, तिला कचऱ्याच्या गाडीचं वळणही पुरतं. पर्डिटाला ते पुरत नाही. 'माश्यांसाठी काही करा' म्हणून बाजारात बांबूच्या नळ्यांची सुबक 'हॉटेलं' मिळतात, सायलीच्या इमारतीत तशी दोन टांगलेली आहेत. त्यात राहतात त्या माश्यांना शहरात तसंही बऱ्यापैकी मिळतंय. जिला खरी मदत हवी आहे तिला हवी आहे चार हात उघडी जमीन, आणि ती विकत मिळत नाही, ती फक्त झाकायची थांबवता येते.

काकांनी राहिलेला पट्टा, भिंतीलगतच्या दोन क्रिओसोटांखालचा, प्लॅस्टिकशिवाय सोडला. नुसती खडी पसरली, तीही विरळ. मालकांना काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाले.

पाचवा दिवस

दुपारचं विमान. सकाळी मी आणि सायली छपराखालच्या लोळ्यापाशी गेलो. परवा माशी ज्या भोकात खेपा घालत होती ते भोक बंद झालेलं. बाहेरून थापलेला गुळगुळीत पडदा, भोवतालच्या मातीपेक्षा गडद. शेजारच्या दुसऱ्या भोकात तिची ये-जा सुरू होती. मी भिंग धरलं. पंखांच्या कडा फाटलेल्या, पाठीवरची लव घासून गेलेली. अजून आठवडाभर असेल ती, फार तर दोन.

"आतली पोरं कधी येणार बाहेर?"

"पुढच्या वर्षी. क्रिओसोट फुललं की."

सायली म्हणाली की दर गुरुवारी एक माणूस पाण्याचा फवारा घेऊन येतो आणि छपराखालची जाळी-माती सगळी धुऊन टाकतो. आज बुधवार होता. ती वर जाऊन वहीचा कागद घेऊन आली. स्पॅनिशमध्ये काय लिहायचं ते तिने माळीकाकांना फोन करून विचारलं, एकेक अक्षर लिहून घेतलं. चिकटपट्टी धुळीच्या तुळईला धरेना. शेवटी तिने केसांचा रबरबँड काढला आणि कागद खांबाच्या बोल्टला बांधला. मला मराठीत वाचून दाखवलं: घर मातीचं आहे, रिकामं नाही. एप्रिलपर्यंत राहू द्या.